इस्तरीची जट

माज्या भावाची बायको भामा काय वाईट न्हाई, पर त्या दिवशी तिला खांबाला बांधून हाणावी असं वाटलं मला. आन् भावाला, बिराप्पाला, तिच्या आदी.

दुष्काळ सरून दोन वरसं झाली हुती. माघाच्या पुनवंला आठ दिवस ऱ्हायलेले. इट्याच्या बाजारात म्हायेरचा एक माणूस भेटला. म्हणला, "बनाबाई, तुमच्या भाचीला, हरणीला जट आली म्हनं. बिराप्पा पुनवंला तिला डोंगरावर न्हेतोय, देवीला सोडाया." हातातली पिशवी वळखीच्या बाईजवळ टाकली आन् मिळंल ती एसटी धरली. देवीला सोडणं म्हंजी काय, ते आमच्याकडं शेंबड्या पोराला बी ठावं हाय. पोरीच्या गळ्यात मण्यांची माळ घालायची आन् देवीची म्हणायची. मग जलमभर तिला लगीन न्हाई, घर न्हाई. दिवसा दारोदार जोगवा मागायचा, आन् ज्याच्या खिशात चार पैसं खुळखुळत्यात त्येनं तिच्या खोपटाचं दार वाजवायचं. हरणी बारा वरसांची. वाडीत सातवीपातूर पोचलेली पयली पोरगी.

दारात पोचले तर बिराप्पा खाली मान घालून लोकर कातत बसलेला. वट्यावर जोगतीण चंद्राबाई, देवीची परडी मांडीशेजारी, कपाळभर भंडारा, बशीतनं च्या पीत हुती. पाठीवर तिची सोताची जट, मनगटाएवढी जाड, पार कमरंपातूर. आन् कोपऱ्यात हरणी, डोस्क्यावर फडकं, गुडघ्यात तोंड.

"बिराप्पा, हे काय आयकते मी?"

"देवीची इच्छा, आक्का."

"देवी तुज्या सपनात आली हुती का रं? का ह्या बाईनं च्याच्या बशीत दावली?"

चंद्राबाई बशी खाली ठिवून म्हणली, "तोंड सांबाळ, बनाबाई. जटंला फणी लावायची न्हाई. लावली तर घराचं वाटुळं हुतंय. मेंढरं पटापटा मरत्यात."

मेंढरं म्हणल्याबरुबर बिराप्पाचा हात थांबला. दुष्काळात निम्मा कळप गेला हुता त्येचा. भ्यालेला माणूस कुणाचं बी आयकतो, ते मला कळत हुतं. पर म्हणून पोरगी द्यायची? माजी तळपायाची आग मस्तकाला गेली.

मी सरळ हरणीपाशी गेले आन् फडकं उचाललं. मानंच्या वर, उजव्या अंगाला, मुठीएवढा गोळा. वरनं तेल आन् भंडारा थापलेला. मी नाक जवळ न्हेलं, आन् वास आला. आता मी जलमल्यापास्नं लोकरीत. लोकरीला ठिणगी लागली तर कसा वास येतो ते मला झोपंत बी कळंल.

"हे जळल्यात," मी म्हणलं. "केस जळल्यात हिचं. कुणी जाळलं?"

हरणी मुसमुसाया लागली. चुलीपाशी भामा हुबी, तोंडात मिठाची गुळणी धरल्यावानी. मग मी जे वरडले, ते पल्याडच्या वस्तीवर बी गेलं आसंल. "भामे, बोल! न्हाईतर तुजं तोंड पुन्यांदा बगायची न्हाई मी!"

तवा सुटलं तिच्या तोंडातनं. हरणीचं केस जलमाचं कुरळं. शाळंतली पोरं तिच्या मागनं "ब्यां ब्यां" करत हिंडायची. धनगराची पोर, डोस्क्यावर बी लोकरच, असं म्हणायची. गॅदरिंगच्या नाचात तिला घेतली, तर बाईंनी सांगितलं, येणी नीट बसली पायजे. पोरीनं दोन दिवस भाकर खाल्ली न्हाई. मग भामानं मिल्ट्रीतनं रजंवर आलेल्या शेजारच्या मानसिंगाची कोळशाची इस्तरी मागून आणली, पोरीला पाटाशेजारी आडवी केली, केस पाटावर पसरलं आन् फिरवली. म्होरचं बरं निघालं. मागल्या अंगाला निखारा जास्त झाला, केस चरचरलं, एकमेकाला चिकाटलं. पोर वरडली. भामानं भिऊन तेल थापलं, फडकं बांधलं, आन् म्हैनाभर कुणी त्येला हात लावला न्हाई. गॅदरिंगला बी पोरगी गेली न्हाई.

"मग ह्या बयेनं जट म्हणल्यावर तोंड का उघाडलं न्हाईस?"

भामा रडत म्हणली, "मला वाटलं, केस आदीच देवीचं हुतं आसंल. मी त्येला इस्तू लावला, निखाऱ्याचा चटका दिला, म्हणून कोप झाला. सांगितलं तर आजून वाढंल, ह्या भ्यानं…"

कपाळाला हात लावला मी. हिला वाटतोय कोप, त्येला वाटती इच्छा, आन् मधल्यामधी पोरीचा बळी.

"आगं, मला इचारायचं हुतंस! न्हाल्यावर वल्ल्या केसाला तेलाचं बोट लावायचं, फणी फिरवायची, डोस्क्याभवती गच्च गुंडाळायचं आन् फडक्यानं बांधून वाळू द्यायचं. झालं सरळ. म्होरल्या न्हाणाला परत कुरळं हुतील, हुईनात का! जळायचं तर न्हाईत. येवढ्यासाठी पोर भाजलीस व्हय?"

मग मी अंगणात घोंगडं टाकलं. सगळ्यांच्या देखत, म्हंजी उद्या कुणी म्हणाया नगं की आत न्हेऊन जट कापली. हरणीला म्होरं बशिवली. करडीचं तेल घेतलं, लाकडी फणी घेतली, घोंगडं शिवायचा दाभण घेतला. बिराप्पा उठला. "आक्का, नगं. माज्या मेंढरांचं काय?"

"मेली तर माजी घेऊन जा. पंचवीस हायती. पर ह्या पोरीला डोंगरावर न्हेशील तर भाऊ म्हणायची न्हाई तुला. बस खाली."

त्यो बसला न्हाई, पर गेला बी न्हाई.

चंद्राबाई शाप देत हुती. "हात झडतील तुजं." मी म्हणलं, "झडू देत. आदी ह्ये काम हुंदे." तिला मी आजून काय काय म्हणलं, ते समदं सांगत न्हाई. पोरी खाणारी म्हणलं. देवीच्या नावावर दुकान मांडलंस म्हणलं. पर ती उठून गेली न्हाई. वट्यावर बसूनच ऱ्हायली, माज्या हाताकडं बगत.

भामानं भीत भीत इचारलं, "ऊन पाणी तापवू का?"

"परत इस्तू? ऊन पाण्यानं लोकरीचं काय हुतं? आवळून बसती. ह्येचं बी तसंच. गार पाणी आण, आन् तोंड मिट."

लोकरीचा गोळा मधनं सोडायचा नसतो. शेंड्याकडनं सुरवात करायची, चार-चार केस. तेल जिरू द्यायचं, दाभणाच्या बोथट बाजूनं फाक पाडायची, बोटानं मोकळं करायचं, मगच फणी. वढलं की संपलं. राग अंगात नुसता उसळत हुता, पर हात गप ठिवलं. पयल्या तासात करंगळीएवढी बट सुटली. जळक्या केसाचं तुकडं घोंगड्यावर पडत हुतं, तांबूस, कुरकुरीत. मी त्यातला एक उचालला आन् बिराप्पाच्या तळहातावर ठिवला. "वास घे. देवीचा हाय का इस्तरीचा?" त्येनं वास घेतला आन् मान फिरवली.

दीस कलायच्या वक्ताला फणी मुळापास्नं शेंड्यापातूर गेली. अडकली न्हाई. मागल्या अंगाचं केस आखूड झालं हुतं, पर डोस्कं मोकळं. हरणीनं मान हिकडं-तिकडं वळवून बगितली. बिराप्पा म्होरं आला, तिच्या केसात बोटं घातली, आन् मेला लहान पोरावानी रडाया लागला. मला त्येची दया आली न्हाई. म्हणलं, "सोमवारी हिला शाळंत पोचवायची. तू सोता."

वाटलं, संपलं. हात धुवाया उठणार, तर चंद्राबाई वट्यावरनं उतरून आली. घोंगड्यावर, हरणी उठली त्या जागंवर, माज्याकडं पाठ करून बसली.

"माजी बगती का?"

मी तिची जट हातात धरली. सुंभावानी कडक. तीस वरसांचं तेल, भंडारा, धूळ. शेंडा कुठला, बोटाला सापडंना.

"ही सुटायची न्हाई आता," मी म्हणलं. "कापावी लागंल. आणू का कातर?"

"कापली तर मला जोगवा कोण वाढंल?"

मी कातर आणाया उठले न्हाई. इचारलं, "तुला कशानं आली हुती?"

"तापानं पडले हुते. तुज्या हरणीएवढी हुते. म्हैनाभर आंथरुणात. आईला शेतातनं सवड न्हवती, फणी कोण लावणार?"

"म्हंजी तुला ठावं हुतं! ठावं असून ह्या पोरीला…" माजा हात वर गेला. खरंच, मारणार हुते मी तिला.

ती हालली न्हाई. तशीच पाठमोरी म्हणली, "मला वाटायचं, जट सुटतच न्हाई. तीस वरसं तेवढंच धरून जगले, की सुटतच न्हाई. आन् तू एका दिसात सोडिवलीस गं."

वर गेलेला हात कुणावर टाकावा ते मला कळंना. ती उठली, परडी डोस्क्यावर घेतली आन् दीस मावळायच्या आत पल्याडच्या वस्तीवर जोगवा मागाया निघून गेली.