खासदारबाईंची सवय

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही शहाद्यात नव्या दवाखान्याच्या उद्घाटनाला उभे आहात. खासदार ममताताई पूर्वी नर्स होत्या. सकाळपासूनच्या सभांनी त्यांचे पाय सुजले होते. छोट्या अलिशाने फूल दिलं, तेव्हा जुन्या सवयीने ताईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आतून पांढरी फटक, म्हणजे अंगात रक्त कमी!

"हिचं रक्त तपासा," त्या तिच्या आईला म्हणाल्या.

"सुईनं नाव काढं का पयी जास, ताई!" सुई म्हटलं की पोर पळ काढते, अशी आईची तक्रार होती.

"ताई, दिल्लीची गाडी चुकेल," सचिव कुजबुजला.

"चुकू दे." ताई थकून बाकावर टेकल्या.

"सुई तुम्हीच टोचणार?" अलिशाने विचारलं.

"मी आता नुसत्या फिती कापते गं. पण हात धरून बसेन."

अलिशा जरा वेळ दाराकडे बघत राहिली. मग ताईंना खेटून बसली आणि तिने बाही वर सारली.