लहान चाकाचे दाते

बशीवर चमचा किणकिणला, तेव्हा कुठे दुपारची शांतता मोडली. आजारपणानंतर सासऱ्यांची हाक ती हीच. सून कणकेचे हात फडक्याला पुसत बाहेर आली. खुर्चीतल्या सासऱ्यांनी चमच्यानेच टेबलावरच्या फोनकडे खूण केली. तो मुक्यानेच थरथरत होता. तिने तो स्पीकरवर लावला.

"उस्ताद, मशीन लावलंय," लेथवाल्याचा आवाज खोलीभर घुमला. "डॉक्टरांच्या गाडीचं लहान चाक राहिलंय. किती दाते पाडू?"

डॉक्टरांची गाडी त्यांच्या आजोबांच्या तरुणपणची, सपाट रस्त्यांसाठी बांधलेली. डॉक्टर आता डोंगरावर राहायला गेले होते, आणि म्हाताऱ्या आईला मागे बसवून त्याच गाडीतून ये-जा करायची हौस धरून होते. त्यासाठी मागच्या आसातली दोन दातेरी चाकं बदलायची होती. मोठ्या चाकाचे दाते उस्तादांनी कधीच सांगून टाकले होते. लहानाचं घाटात शेवटची फेरी मारून सांगतो म्हणाले. फेरी मारली, खुशीत घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी अर्धं अंग लुळं पडलं. आकडा कुठे लिहिलेला नव्हता. कागद हरवतो, डोकं हरवत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आता त्यांनी घसा साफ केला आणि जुन्या रुबाबात सांगितलं, "चौदा."

पलीकडे हसू फुटलं. "चौदा? उस्ताद, गाडी डोंगरात न्यायचीय, शर्यतीत नाही. बरं, तुम्ही म्हणता म्हणजे असेलच. चहा घेतो न् कापायला बसतो."

फोन बंद झाला. उस्ताद खुशीत होते. कितीतरी दिवसांनी कोणी त्यांना काही विचारलं होतं.

सून मात्र जागची हलली नाही. सहा वर्षं गॅरेजात तिने त्यांच्या हातात पाने-पकडी दिल्या होत्या. इतकं तिला कळत होतं. लहान चाकाला दाते कमी, तर गाडी सावकाश पण जोरकस. दाते जास्त, तर सुसाट, पण घाटात तिच्यावर लगाम नाही. त्या गाडीचे ब्रेक म्हणजे नावाला ब्रेक. तेच म्हणायचे, चढावर गाडी थांबली तर लाज जाते, उतारावर थांबली नाही तर माणूस जातो.

ती खुर्चीपाशी खाली बसली आणि तीन बोटं वर केली. "बाबा, ही किती?"

"सात."

तिचा चेहरा पाहून त्यांना उमगलं. ओठांची चांगली बाजू हसली. "झाले ना माझे तीन तेरा?"

हे असंच होतं. म्हणीतले आकडे शाबूत होते. "माझा न् आकड्यांचा छत्तीसचा आकडा," हेही ते आल्यागेल्याला स्पष्ट सांगत; पण चुकीचा आकडा तोंडातून निघाला की त्यांना तो बरोबरच वाटे.

"ओळीने म्हटले की येतात आजोबांना," पाच वर्षांची चिमणी म्हणाली. "रोज म्हणतो आम्ही."

सुनेला आशा वाटली. "बाबा, एकापासून मोजत चला. तुमचा आकडा आला की टेबलावर हात मारा. मी लगेच कळवते."

ते सावरून बसले. "एक. दोन. तीन. चार." आवाज अगदी पूर्वीचा. "पाच. सहा. सात," आणि तिथून जीभ उताराला लागली. हात उचलला गेला, टेबलावर आदळला, पण तोंड थांबलं नव्हतं. आठ, नऊ, दहा एका दमात निघून गेले होते.

"पुन्हा एकदा, बाबा. सावकाश."

या वेळी हात वरच राहिला. अकरा गेले, वीस गेले. त्यांचे डोळे तिच्याकडे लागले होते, कोणीतरी थांबवा म्हणत. एकोणतीसला त्यांनी तोच हात स्वतःच्या तोंडावर दाबून धरला.

मग त्यांनी फोनकडे बोट दाखवलं. तिने लावून दिला.

"कापू नकोस," ते म्हणाले.

"का हो उस्ताद? चेष्टा करताय का गरिबाची?"

"नाही रे. माझा आकडा घेऊ नकोस. यापुढे..." पुढचं जुळेना. "सूनबाई, सांग त्याला."

"बाबांना आकडे आठवत नाहीत, भाऊजी," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाकडून हिशेब करून घ्या. डॉक्टरांना मी कळवते."

फोनमध्ये मागे यंत्राची घरघर चालली होती, ती कोणीतरी बंद केली.

"दुसरं कोण आहे, वहिनी?" लेथवाल्याने हळूच विचारलं.

तिने फोन ठेवला. उस्तादांनी चष्मा काढला, एका हाताने घडी घालायचा प्रयत्न केला, जमेना, तसाच मांडीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

चिमणी टेबलाशी उभी राहून, ओठांतल्या ओठांत मोजत, आपला तळवा लाकडावर आपटून बघत होती. दोनदा आपटून झाल्यावर तिने मान वर केली.

"आई, आजोबांचा हात आठला पडला होता की नऊला?"