सतरा पाण्यांचा भात

वहिनीला स्वयंपाकघरातलं सगळं यायचं. ‘मला हे येत नाही’ असं म्हणणं तेवढं यायचं नाही.

कारखान्याच्या कँटीनमधला मोठा आचारी निवृत्त झाला आणि त्या जागेवर दोघींचा डोळा, वहिनीचा आणि तिच्या नणंदेचा. पंधरा वर्षं एकाच ओट्यावर राबत दोघी एकमेकींच्या आमटीला नावं ठेवत होत्या. शेवटी मॅनेजरने, म्हणजे टायवाल्याने, तोडगा काढला. कामगार दहा देशांचे. भात म्हणे जगभर रंगीत खातात. कुठे केशर, कुठे हळद, कुठे टोमॅटो, तर कुठे दाणाच जन्माचा लाल. एकीने पिवळा करायचा, एकीने लाल. जिचा सरस, ती मुख्य.

नणंदेने झटकन पिवळा उचलला. आगाऊच ती, पहिल्यापासून.

वहिनीच्या वाट्याला लाल तांदूळ आला. असला तांदूळ तिने उभ्या जन्मात शिजवला नव्हता, पण विचारतंय कोण! तिने तो धुवायला घेतला. आईने शिकवलेला नियम एकच, पाणी नितळ आलं की थांबायचं.

पहिलं पाणी लाल आलं. दुसरंही. पाचवंसुद्धा लालच.

“मेल्याने रंग लावून विकलाय!” दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ती बाह्या सारून चोळत राहिली. दहाव्या पाण्याला मोरी तुंबली, म्हणून पुढचं पाणी ती मोठ्या पातेल्यात ओतू लागली.

“वहिनी, भात करायचाय. आंघोळ नाही घालायची त्याला.”

“तू तुझं बघ गं!”

दीड तासाने, सतराव्या पाण्याला, ती थांबली. दाणे पार फिके पडलेले. तिने एकदा दाण्यांकडे आणि एकदा पातेल्यातल्या पाण्याकडे बघितलं. ती जागा तिला हवीच होती. पंधरा वर्षं दुसऱ्याच्या हुकमाने कांदे चिरून ती विटली होती. मग देवाचं नाव घेऊन तिने पातेल्यातल्या त्या लाल पाण्यातच भात शिजत घातला.

टायवाल्याने आधी पिवळा चाखला. केशरासारखा दिसावा म्हणून नणंदेने हळद मूठमूठ टाकली होती. तो दोन ग्लास पाणी प्यायला आणि लालकडे वळला. खाता खाता थांबला.

“हा तांदूळ कडक राहतो म्हणतात. इतका मऊ कसा? आधी भिजवला होता?”

भिजवायचा असतो, हे वहिनीला तेव्हा कळलं.

“इश्श, भिजवतं काय कुणीही! सतरा पाण्यांनी धुतलाय, हाताने. आमच्या घराण्याची पद्धत आहे.”

त्याच घराण्यात जन्मलेली नणंद जोरात खोकली.

जागा वहिनीला मिळाली. टायवाल्याने लगेच फळ्यावर लिहिलं, ‘दर सोमवारी चारशे जणांना लाल भात, सतरा पाण्यांचा.’

वहिनीने फळा वाचला. मग आपले सुजलेले हात बघितले.

“तू त्याला खरं का नाही सांगितलंस?” तिने नणंदेला हळूच विचारलं.

“सांगितलं असतं,” नणंद म्हणाली, “तर सोमवारी बघायला काय मिळालं असतं?”