एकही रेघ न पोचलेला ठिपका

शब्द → रेघ

सुनंदाचं काम सांगायला सोपं होतं, पटवायला अवघड. धुळ्याच्या कॉलेजात ती मानसशास्त्र शिकवायची आणि पीएच.डी.साठी माणसांच्या डोक्यातल्या शब्दांचे नकाशे काढायची. समोरच्याला एक शब्द द्यायचा, आणि पहिलं जे सुचेल ते त्यानं बोलायचं. ‘मीठ’ म्हटलं की कुणी ‘भाकर’ म्हणतं, कुणी ‘घाम’. प्रत्येक शब्दाचा एक ठिपका आणि त्यावरून सुचलेल्या शब्दापर्यंत एक रेघ. कॉलेजातल्या पोरांच्या रेघा एकात एक गुंतवल्या की जाळं उभं राहायचं. त्यात काही ठिपके एसटी स्टँडसारखे, सगळ्या गाड्या तिथूनच सुटणार. काही आडगावासारखे, सकाळची गाडी चुकली की बसा.

“आनि याना पगार भेटस तुले?” तिच्या वडिलांनी, आबांनी, एकदा विचारलं होतं.

हे त्र्याण्णव सालातलं. पुढच्या वर्षी पोळ्यानंतर आबांना लकवा झाला.

रेघ → रस्ता

आबा म्हणजे अमळनेरजवळचे झुलाल पाटील. जन्म कापसात गेलेला, आवाज शिवाराच्या या टोकावरून त्या टोकाला पोचणारा. उजवा हात लुळा पडला आणि शब्द सापडेनासे झाले. डॉक्टर म्हणाले, शब्द जाग्यावर आहेत, तिथवर जायचा रस्ता तुटलाय.

हे ऐकून सुनंदाला चेवच चढला. पारोळ्याकडचा रस्ता बंद पडला तर जळगावची गाडी अमळनेरवरून जातेच की! तिनं आबांना आणि मायला आपल्या दोन खोल्यांत आणलं, जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजू जोडून भिंतीवर चिकटवल्या, आणि काही विचारायच्या आधीच मधोमध मायच्या नावाचा ठिपका काढला.

धुरपदा.

एवढा संसार झाला, सगळ्या रेघा इथंच येणार. यात विचारायचं काय?

रस्ता → नाव

रस्ते सापडत गेले. ‘बैल’ काही केल्या येईना, पण ‘घुंगरू’ म्हटलं की आबा हसून “सर्जा” म्हणायचे आणि सर्जाच्या मागोमाग बैल यायचा. ‘चहा’वरून ‘गूळ’. ‘गूळ’वरून ‘मुंगळा’. मुंगळ्यावरून, का कोण जाणे, ‘तलाठी’.

माय पदर तोंडाला लावून हसली. “हाई मात्र खरं शे.”

त्या हसण्याच्या भरात सुनंदानं मायकडे बोट केलं. “आबा, हिचं नाव काय?”

आबांनी मायकडे पाहिलं. पाहतच राहिले. ओठ हलले, आवाज आला नाही.

“पहिलं अक्षर सांगू? धु…”

“धु… धुणं,” आबा म्हणाले.

माय उठली आणि खरंच धुणं घेऊन नळावर गेली.

नाव → नशिराबाद

ती परत आली. आबांना भरवायचं काम तिनं सुनंदाकडे सरकवलं. दुसऱ्या दिवशी पिशवी काढून त्यात लुगडी भरायला लागली.

“मी जास नशिराबादले. पितांबर शे तठे.” पितांबर तिचा धाकटा भाऊ.

“माय, हा आजार आहे. मेंदूच्या डाव्या बाजूला…” घाबरली की सुनंदा पुस्तकासारखं बोलायची.

“त्या आजारले बैल याद शे, तलाठी याद शे. बठ्ठं याद शे, मीच नही?”

नशिराबाद → माहेर

सुनंदा भिंतीकडे पाहत राहिली. सगळ्या कागदावर रेघांची गर्दी, आणि मधला ठिपका एकटा. एकही रेघ त्याच्यापर्यंत आलेली नव्हती. तुटकी नाही, अर्धवट नाही. एखादं माणूस मनातून पुसलं गेलं तर असंच दिसत असेल? मग नजर कशी ओळखीची? मायचा हात लागला की आबांचा श्वास कसा शांत होतो?

“माय, आबा तुला हाक कशी मारायचे?”

“हाक? कसानी हाक?”

“म्हणजे तू आत असलीस, त्यांना पाणी हवं असलं, तर?”

थोराड झालेल्या लेकीनं असलं काही विचारावं याची मायला लाज वाटली. लुगड्याची घडी करता करता ती म्हणाली, “खाकरेत. वट्टावर ईसन खाकरेत. मी पानी लई जाऊ.”

“आणि नाव?”

“नाव!” मायला हसू फुटलं. लग्नात करवल्यांनी अडवून एकदा घ्यायला लावलं असेल, तेवढंच. “मन्हं नाव मन्हा बापना घर ऱ्हायनं.”

सुनंदानं भिंतीवरच्या मधल्या ठिपक्याकडे पाहिलं. पहिल्या वर्षाच्या पोरानं असा ठिपका आपल्या हातानं आधीच काढून ठेवला असता तर तिनं त्याला फैलावर घेतलं असतं. लहानपणापासून ओट्यावरचं खाकरणं ऐकत आलेली ती, आणि तिलाच ते कधी ऐकू आलं नव्हतं. इथं ओटाच नाही. माय रात्रंदिवस डोळ्यांसमोर. आबांनी खाकरायचं तरी कुणासाठी?

“रस्ता तुटलेला नाही, माय. तो कधी झालाच नव्हता.”

“मंग कर,” माय म्हणाली. “रविवारपावत देखस.” पिशवी तिनं रिकामी केली नाही.

माहेर → धुरपदा

जुना शब्द शोधणं वेगळं, या वयात नवा बांधणं वेगळं. सुनंदानं मधलं नाव खोडलं आणि ‘तांब्या’ आणि ‘पाणी’ यांच्या शेजारी, जिथं आबा न अडखळता पोचत होते, तिथं पुन्हा लिहिलं. माय नळावर गेली की दोघांची शिकवणी चाले. तांब्या, पाणी, आणि मग आबा असे लाजत की कानाच्या पाळ्या लाल. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत आणि दाराकडे बघत.

“आबा, शिवी नाही ती. नाव आहे.”

आबा मान हलवायचे. शिवी सोपी, असं त्यांचा चेहरा सांगायचा.

धुरपदा →

रविवारी माय आत कळण्याच्या भाकरी थापत होती. आबा खाटेवर टेकून बसलेले.

“तांब्या,” आबा म्हणाले. “पाणी.” मग थांबले, छाती भरून घेतली, आणि शिवाराच्या पलीकडच्या माणसाला बोलवावं तसे ओरडले, “धुरपदा!”

आतलं थापणं थांबलं नाही.

“देख व सुनंदा,” माय म्हणाली, “दारमा कोनी उनं शे.”

आबांनी सुनंदाकडे पाहिलं. सुनंदानं ओठ घट्ट मिटून घेतले, नाहीतर हसली असती, किंवा दुसरंच काही.

“धुरपदा,” आबा पुन्हा म्हणाले. या वेळी हळू, जवळच्याला म्हणावं तसं.

थापणं थांबलं. पिठाचे हात तसेच घेऊन माय चौकटीत आली. तिनं आधी दाराकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. मग खाटेकडे. आबा गोधडीची शिवण निरखत होते.

“इतलं जोरमा?” माय म्हणाली. “शेजारनी काय म्हनतीन?”

तिनं कोपरानं खिडकी लोटून घेतली, खाटेच्या पायथ्याशी येऊन बसली आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. पदराला पीठ लागलं.

“आते म्हना,” ती म्हणाली.