मुकुट उजळायचा निरोप

चंद्रभानबुवा कीर्तनाची बिदागी घेत नाहीत. नारळ तेवढा घेतात, तोही तिथंच फोडून वाटतात. मग आवाज रेकॉर्ड करायचं अ‍ॅप विकत घेणं त्यांना कसं रुचावं?

अकोल्याच्या लेकीनं, रागिणीनं, पैसेवालं अ‍ॅप दाखवलं होतं. त्यात जाहिरात नाही, नसत्या चौकशा नाहीत.

"हरिकथेच्या कामाले विकतचं कायले?" बुवा म्हणाले.

"बाबा, तुमी फुकट देता ते देवासाठी. हे लोक कोनासाठी देऊन राहिले?"

"तू लय शंका काढते बाप्पा!"

बुवांनी फुकटचं उतरवून घेतलं. त्यानं मायक्रोफोन मागितला, फोनातले सगळे नंबर मागितले. बुवा दर वेळी 'हो'वर बोट टेकवत गेले. दारी आलेल्याला नाही म्हणायची त्यांना सवयच नव्हती.

आवाज मात्र सुरेख यायचा. टाळ, मृदंग, अभंगाचं दुसरं चरण उचलण्याआधीचा बुवांचा तो बारीकसा खोकला, सगळं. अमरावतीच्या राजापेठेतले आम्ही टाळकरी ते ऐकतच कामाला लागायचो. कीर्तन संपल्यावर अ‍ॅपचा कान मिटतो की नाही, हे कुणी पाहिलं नाही.

एकदा जेवताना बुवा घरात म्हणाले, "सप्त्याआधी देवाचा मुकुट उजळून घ्या लागते." दुसऱ्या दिवशी फोनवर चांदी उजळणाऱ्यांची जाहिरात आली. बुवा खुदकन हसले. "पाहा, याच्याबी मनात देव आहे!"

तो मुकुट धामणगावच्या मंदिराचा. गावातल्या बायांनी आपापल्या पायातली जोडवी देऊन घडवलेला. बुवांच्या शब्दावर गावातल्याच जानरावांकडे ठेवलेला.

बुवा रागिणीकडे अकोल्याला आले असताना त्यांच्या शिष्येचा, वर्षालीचा, अमरावतीहून फोन आला.

"महाराज, जानरावकाकांनी मुकुट काढून ठेवला बरं."

"तुले कोनं सांगतलं काढाले?"

"तुमीच तर सकाळी फोनवर इचारलं, मुकुट कोनापाशी आहे, अन् काढून ठेवाले सांग म्हनून! मले वाटलं, वय झालं, इसरले असान."

सकाळपासून बुवांनी कुणालाच फोन केला नव्हता. त्यांनी लगेच जानरावांना लावला.

"जानराव, मी चंद्रभान. मुकुट कोनालेच देऊ नका."

जानराव कोरडेपणानं म्हणाले, "महाराजांनी सांगतलंच होतं. मुकुट न्याले मानूस धाडतो, अन् माह्या आवाजात, माह्याच नंबरावरून कोनी चोट्टा फोन करन, त्याचं ऐकू नका."

"अरे, तोच चोर! मी खरा!"

"तो असंच म्हनन, असंबी म्हनले महाराज."

बुवांनी फोनवरच अभंग धरला. दुसऱ्या चरणाआधी खोकला आला.

"खोकलाबी शिकला का रे?" जानरावांचा आवाज चढला. "देवाच्या नावानं असं करतं, लाज नाही वाटत?"

मागे फटफटी थांबल्याचा आवाज आला.

"आला महाराजांचा मानूस," जानराव म्हणाले, आणि फोन कट झाला.

रागिणीनं आपल्या फोनवरून लावून पाहिला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलेना.

"वर्षालीले लाव," बुवा म्हणाले. "गावातल्या रामरावले लाव, मी सांगतो त्याले—"

रागिणीनं झटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. तिची नजर त्यांच्या फोनवर होती. वरच्या कोपऱ्यात, मायक्रोफोन चालू असल्याचा, एक हिरवा ठिपका तेवत होता.