अकरा कोऱ्या ओळी

माणसाला लोक नाव एकदा ठेवतात आणि मग ते मरेपर्यंत वागवावं लागतं. पंपवाल्यांचं तसंच झालं. तीस वर्षं पाठीवर फवारणीचा पंप घेऊन ते पंचक्रोशीतल्या शेतांना औषध मारत फिरले. कुठल्या पिकावर कुठली कीड, तिला कुठलं औषध, हे ते नुसत्या वासावरून सांगत. मग छातीने दगा दिला, हात थरथरायला लागले. पंप कोपऱ्यात गेला तरी नाव तेच राहिलं.

त्यांच्या स्वतःच्या दोन एकरांना मात्र गेली पावणेतीन वर्षं औषधाचा थेंब लागला नव्हता. सरकारची योजना आली होती. रासायनिक शेती सोडा, तीन वर्षं सरकार खताला, बियाण्याला हातभार लावेल, दरवर्षी तपासणी होईल, आणि तीन वर्षं निभावली की जमीन विषमुक्त झाल्याचा दाखला. एक फवारा मारला, तर त्या दिवसापासून मोजणी पुन्हा एकपासून. गावातले बरेच जण मदतीसाठी गेले आणि पहिल्याच किडीला परत आले. पंपवाले टिकले. "इतक्या रानांत विष ओतलं या हातांनी," ते बायकोला म्हणायचे, "एक तुकडा तरी धुऊन जातो." तो दाखला भिंतीवर लावायची जागासुद्धा त्यांनी ठरवून ठेवली होती, कॅलेंडरच्या शेजारी.

ठरवायला त्यांचं काय जात होतं! राबायची ती त्यांची बायको, थोरली. घरातली थोरली सून म्हणून तिला सगळे थोरलीच म्हणत. कोबीच्या पानांवरच्या अळ्या हाताने वेचायच्या, लसूण-मिरचीचा अर्क वाटायचा, आणि संध्याकाळी योजनेच्या वहीत दिवसाची ओळ लिहायची: काय केलं, काय घातलं, कोणी. पंपवाल्यांची अक्षरं नाचत, म्हणून वही तिच्याकडे. पाठ मोडून आली तरी तिने एक ओळ चुकवली नव्हती.

या दाखल्यापायी घरात एक भांडण मात्र झालं. शेजारचं शेत धाकट्या भावाचं. तिकडचं औषध उडून येऊ नये म्हणून बांधालगत मोकळा पट्टा सोडायचा नियम. पंपवाल्यांनी तो स्वतःच्याच जमिनीतून सोडला, तरी धाकट्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"माझ्या शेताला काय खरूज झालीय?" तो बांधावरून ओरडला होता. "तूच मला पंप धरायला शिकवलंस, आणि आता माझ्यापासून लांब पळतोस?"

तेव्हापासून बोलणं बंद. आईमागे ज्याला पंपवाल्यांनी खांद्यावर वाढवलं, तो समोरून येताना दिसला की रस्ता बदलायचा. पंपवाले तोंडातून चकार शब्द काढत नसत. जेवताना मात्र मधेच हात थांबायचा, आणि थोरलीला कळायचं.

शेवटच्या तपासणीला महिना उरला असताना त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. अकरा दिवस ते तिथे होते आणि थोरली त्यांच्या उशाशी. डॉक्टरांनी तिला व्हरांड्यात बोलावून सांगितलं की फुप्फुसांत आता फारसं काही उरलेलं नाही, दोन-तीन महिने धरा. ती तोंड धुऊन परत आत गेली.

दहाव्या दिवशी धाकटा आला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, हातात फळांची पिशवी. तो कॉटजवळ आला आणि पंपवाल्यांच्या नाकपुड्या हलल्या. केसांतला तो वास त्यांना झोपेतसुद्धा ओळखता आला असता.

"दादा, शेताचा घोर लावून घेऊ नकोस," धाकटा एका दमात म्हणाला. "कोबीवर मरणाची अळी पडली होती. म्हटलं, तू इथे, वहिनी इथे, सगळं डोळ्यांदेखत जाईल. परवा आणि काल, दोन संध्याकाळी मारून घेतलं. माझ्याकडचं भारी औषध. एक पान जाऊ दिलं नाही बघ."

एका फवाऱ्याने सगळी मोजणी पुसली जाते, हा नियम त्याला ठाऊक नव्हता. ठाऊक होणार कुठून? सांगायला बोलणं लागतं. थोरली तोंड उघडणार तोच पंपवाल्यांनी चादरीखालून तिचा हात घट्ट धरला.

"बरं केलंस रे," ते म्हणाले. "दमला असशील. बैस."

अडीच-तीन वर्षांनी तो भावाजवळ बसला. फळ कापून दिलं, पाय चेपले, लहानपणी विहिरीत पडल्याची गोष्ट काढली. पंपवाले खोकत खोकत हसले. थोरली खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. रागाने तिचे कान तापले होते, आणि त्या हसण्याने तिला रडू येत होतं.

घरी आल्यावर धाकटा रोज संध्याकाळी यायला लागला. तो गेला की थोरली वही उघडायची. अकरा ओळी कोऱ्या होत्या.

"नाहीच लिहिलं तर?" एकदा ती म्हणाली. "कोण बघायला आलं होतं? अहो, तुम्हाला तो दाखला बघायचाय ना? पुन्हा तीन वर्षं कुठून..."

"खोटं लिहूनच जमीन स्वच्छ होणार होती," पंपवाले म्हणाले, "तर पहिल्याच दिवशी लिहिलं असतं. तुझी पाठ तरी वाचली असती." मग थांबून म्हणाले, "तारखा खऱ्या घाल. त्याचं नाव तेवढं घालू नकोस. मालकाच्या सांगण्यावरून, असं लिही."

तिने लिहिलं. लिहिताना डोळ्यांतलं पाणी वहीवर पडू नये म्हणून मान मागे घेऊन लिहिलं.

तपासणीला आलेल्या बाई तरुण होत्या, पण कामाला पक्क्या. त्यांनी कोबीची पानं उलटून पाहिली. एकालाही भोक नव्हतं. मग ओसरीवर बसून त्यांनी वही उघडली. धाकटा त्यांच्यासाठी चहा घेऊन आत-बाहेर करत होता. आज भावाला दाखला मिळणार म्हणून स्वारी खुशीत होती.

"हे काय?" बाईंनी मोठ्याने वाचलं. "कोबीवर रासायनिक फवारणी, दोन वेळा. मालकाच्या सांगण्यावरून. आजोबा, तुम्ही दवाखान्यात होतात ना तेव्हा?"

"तिथून निरोप धाडला. मजूर लावला होता."

"नीट आठवून सांगा. तुम्ही न सांगता कुणी परस्पर मारलं असेल तर..."

"तरी मोजणी बदलते का?"

बाईंनी मान खाली घातली. "नाही. जमिनीला औषध लागलं ते लागलंच. त्या तारखेपासून पुन्हा तीन वर्षं."

"मग मीच सांगितलं. तीस वर्षांची खोड आहे बाई, अशी सुटते का?"

धाकटा कपबशी हातात घेऊन दारात उभा होता. त्याने भावाकडे पाहिलं, मग वहिनीकडे. तिने नजर चुकवली, आणि त्याला सगळं कळलं. त्याने कप खाली ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि तो निघून गेला.

त्यानंतर तो आला नाही. पंपवाले रोज संध्याकाळी ओसरीवर बांधाकडे तोंड करून बसायचे. "आज कामात असेल," ते म्हणायचे. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणायचे. थोरली दोनदा त्याच्या दाराशी जाऊन आली. आतून कडी होती. दोन महिने असे गेले, आणि एका दुपारी बसल्या जागीच पंपवाल्यांची मान कलली. कॅलेंडरशेजारची भिंत रिकामीच होती.

स्मशानात सगळ्यांच्या मागे उभा राहून परतलेला धाकटा पाच-सहा दिवसांनी घरी आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. ओसरीच्या खालीच उभा राहिला.

"वहिनी, ती वही दे."

तिने दिली. त्याने ते पान शोधलं, त्या दोन ओळींवर बोट ठेवलं आणि तो हुंदके देऊन रडायला लागला. "पेन दे. खोडतो हे. माझं नाव घालतो. मी केलं ते त्याच्या माथी कशाला?"

थोरलीने त्या ओळींवर आपला तळवा ठेवला.

"ते राहू द्या, भाऊजी," ती म्हणाली. इतके दिवस कोंडलेला राग तिच्या आवाजात होता, आणि आवाज फुटत होता. "तुम्ही पुन्हा यायचं थांबू नये म्हणून लिहायला लावलं त्यांनी. आणि तुम्ही तेव्हापासूनच आला नाहीत. रोज वाट पाहिली हो त्यांनी. रोज."

तो खालीच बसला. मग डोळे पुसत त्याने विचारलं, "आता मी काय करू?"

बांधापलीकडे त्याने आपल्या बाजूनेही तेवढाच पट्टा मोकळा सोडला होता. तिने तो सकाळीच पाहिला होता.

"आजची ओळ लिहायची राहिलीय," ती म्हणाली, आणि पान उलटून तिने पेन त्याच्या हातात दिलं.