काचेमागची पाळी

गोदामाच्या माल चढवायच्या डॉकला बारा दारं होती. त्यांतल्या नऊ दारांना ट्रक पाठ टेकून उभे होते. खाली तीन फोर्कलिफ्ट, अकरा हमाल आणि एक चिमणी. वरच्या काचेच्या खोलीत दोन खुर्च्या, एक वॉकीटॉकी आणि ताई. ती तासाभरात सात वेळा उठली होती.

"बस," मोठ्या मॅडम म्हणाल्या. मान वर न करता.

"बसलेय की."

"अर्धीच बसलीयस."

चौदा डेपो सांभाळणाऱ्या मॅडम महिनाअखेरीस निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या जागी ताईचं नाव त्यांनीच पुढे केलं होतं. कंपनीतल्या वरच्या मंडळींनी एकच शंका काढली: ही बाई डॉक झकास चालवते, पण तिच्याशिवाय तो चालतो का? चालत नसेल तर तिला तिथून हलवायचं कसं? म्हणून आजची दुपारची पाळी चिमणीकडे, म्हणजे ताईच्या हाताखाली तयार झालेल्या पोरीकडे होती. ताईने खाली उतरायचं नाही, वॉकीटॉकीचं बटण दाबायचं नाही. आणि गेटवरच्या वजनकाट्यावरून एकही ट्रक परत येता कामा नये. यातलं काहीही बिनसलं की बढतीवर पाणी.

फोन वाजला. नवरा.

"काय गं, उतरलीस का खाली?"

"नाही."

"खरं सांग. स्वतःच्या लग्नात खुर्च्या उचलायला धावली होतीस तू."

"वेड्यावाकड्या लावल्या होत्या त्या. ठेव फोन."

पाचपर्यंत आठ ट्रक काट्यावरून बिनबोभाट गेले. ताईचा जीव जरा भांड्यात पडला आणि लगेच बाहेर आला, कारण सातव्या दाराशी नववा ट्रक भरला जात होता आणि चिमणी रंगाच्या डब्यांचे पॅलेट, लाकडी फळ्यांवर रचलेले ढीग, अगदी ट्रकच्या शेपटाला लावत होती.

तसं चिमणीचं चुकत नव्हतं. रंगाचं दुकान पहिलं लागणार, म्हणून रंग सगळ्यांत शेवटी आत जायचा. हे तिला ताईनेच शिकवलं होतं, चार वर्षांपूर्वी, ती खोक्यांवर लेबलं चिकटवायची तेव्हा. पण रंगाचा एकेक पॅलेट टनाच्या आसपास होता. मागच्या चाकांच्याही मागे ठेवलेलं वजन पुढची चाकं उचलू पाहतं आणि मागच्या एक्सलवर, म्हणजे मागच्या चाकांच्या आसावर, स्वतःपेक्षा जास्त पडतं. मागच्या एक्सलची मर्यादा दहा हजार किलो. ताईने काचेवर बोटानेच हिशेब मांडला. दहा हजार पाचशे तरी भरणार.

तिचा अंगठा बटणावर गेला. मॅडमनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मॅडम, तुम्ही कशा बसायचात हो?"

"मी? मला कुणी बसवलंच नाही. चौदा डेपोंत पळत राहिले. गुडघे बघ माझे."

ताईने वॉकीटॉकी टेबलावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग हात मांड्यांखाली दाबून बसली. शाळेत बडबड्या मुलींना बसवतात तशी.

खाली फोर्कलिफ्ट थांबली. चिमणी ट्रकमध्ये चढली, आत दिसेनाशी झाली, पुन्हा बाहेर आली. वॉकीटॉकीतून तिचा आवाज खरखरला. "काढा तो. रंगाचा शेवटचा. उशांचे गठ्ठे इकडे मागे घ्या, रंग त्यांच्या जागी."

ताई उभी राहिली.

"ए बये," पलीकडे ड्रायव्हर करवादला, "मग रंग काढायला आधी उशा उतरवू होय मी?"

"उशाच आहेत, काका. हव्या तर उतरवून जरा पडा त्यांच्यावर."

कुणीतरी फस्सकन हसलं. पॅलेट बाहेर आला, उशा सरकल्या, पॅलेट आत गेला. एकच. एकाने पाचशे किलो कमी होतील, फार तर थोडे जास्त. म्हणजे बरोबर मर्यादेच्या काठावर, इकडे किंवा तिकडे.

"दोन," ताई पुटपुटली. "अगं, दोन काढ."

"काय दोन?"

"काही नाही."

चिमणी दुसऱ्या पॅलेटपाशी थांबली. घड्याळ पाहिलं. पॅलेटवर हात ठेवला, जणू तिथूनच वजन कळणार होतं. ताईचा श्वास काचेवर उमटला आणि खालचं सगळं धूसर झालं. तिने बाहीने काच पुसेपर्यंत सातवं दार बंद झालं होतं आणि ट्रक गेटकडे निघाला होता.

वॉकीटॉकी टेबलावर, तिच्या हातापासून वीतभर. ट्रक अजून थांबवता आला असता. तिने हात मागे बांधले.

पुढची चाकं काट्यावर चढली. उतरली. मागची चढली.

काटेवाल्याचा आवाज आला, रोजच्यासारखा झोपाळू.

"नववा ट्रक. पुढचा एक्सल, पाच हजार एकशे वीस. मागचा, नऊ हजार नऊशे साठ."